पोलिसातला दीर

"मुलगी दुपारी किती वाजता झोपते?"

किती माणसं, किती दिवस, कुठल्या गाडीनं येणार, यातलं काही विचारायच्या आधी परगावच्या त्या खोली देणाऱ्या बाईनं निरोप पाठवून हे विचारलं, आणि सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच. तिनं फोन ओट्यावर पालथा घातला, जणू तो तिच्याकडेच टक लावून बघत होता. भिंगरी त्या वेळी पातेल्याचं झाकण डोक्यावर धरून स्वयंपाकघरात गोल गोल फिरत होती. अडीच वर्षांची पोर. चालायला लागल्यापासून ती सरळ रेषेत गेलेली कुणी पाहिली नव्हती, म्हणून आजोबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली आणि घरात तेच नाव चिकटलं.

"बघ, काय विचारतेय ही बाई," सूनबाईनं नवऱ्याला फोन दाखवला.

नवरा शाळेत खेळ शिकवायचा. जगातली झाडून सगळी माणसं त्याला आपल्याच संघातली वाटायची. "अगं, विचारलं असेल सहज. लहान मुलं दुपारची झोपतात. त्यात काय?"

"उद्या विचारेल, मुलगी झोपते तेव्हा तिच्यापाशी कोण असतं."

"मग सांग, तिची आई असते, डोळ्यात तेल घालून. ती बाई दारातूनच परत जाईल."

सूनबाई हसली नाही. सहा महिन्यांपूर्वी कपड्यांच्या दुकानात भिंगरी लटकवलेल्या झग्यांच्या आत शिरून बसली होती. चारच मिनिटं. पण त्या चार मिनिटांनंतर सूनबाई घराबाहेर पडली की आधी दारं मोजायची आणि मग माणसं.

मुळात ही सहल तिच्या मनातली नव्हतीच. ती होती बाबांची, म्हणजे सासऱ्यांची. बाबांनी आयुष्यभर फरशा बसवल्या. तेविसाव्या वर्षी ते त्या भल्यामोठ्या जुन्या शहरात उस्तादांच्या हाताखाली कामाला होते, आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरच्या वाचनदालनाची जमीन त्यांनी केली होती. आठ महिने, गुडघ्यांवर बसून. त्या शहरात माणसं किल्ला बघायला जातात, राजवाडे बघायला जातात, नदीवरचे पूल बघायला जातात. बाबांना यातलं काहीएक बघायचं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी पेपरात चार ओळींची बातमी आली. ग्रंथालयाची इमारत एक तारखेपासून दुरुस्तीसाठी बंद, वरच्या मजल्याची जमीन उखडून नवी करणार. बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि एवढंच म्हणाले, "तिकडं गाडी किती वाजता असते रे हल्ली?"

चार वर्षांत सुनेनं त्यांना स्वतःसाठी काही मागताना ऐकलं नव्हतं. चहासुद्धा ते "तुम्ही घेणार असाल तर" असा मागायचे. आणि आता एक गुडघा बदललेला, दुसरा बदलायला डॉक्टर तयार नाहीत, कारण छाती साथ देत नाही. दहा पायऱ्या चढले की अकरावीवर बसायचे. बसून वर असं बघायचे, की जणू जिना नव्हे, कुणीतरी जुना ओळखीचा माणूस मान फिरवून चाललाय.

म्हणून ही खोली शोधली होती. जाहिरातीत फोटो एकच, त्यात माणूस नाही, खिडकी बंद. पण खाली लिहिलं होतं, "तळमजला. उंबरा नाही. न्हाणीत धरायला दांडा आहे." एवढ्या मोठ्या शहरात असलं लिहिणारं दुसरं कुणी सापडलं नाही. नवऱ्यानं पहिल्याच दिवशी त्या बाईला मावशी करून टाकलं, आणि सोबत लहान मुलगी आहे, बाबांना ग्रंथालयाची जमीन बघायचीय, हेही कळवून टाकलं. सूनबाईनं मात्र मनातल्या मनात तिच्या नावाची फाईल उघडली.

फाईल उघडणं हा तिचा धंदाच होता. ती विमा कंपनीत दावे तपासायची. कुणाच्या घरात पाणी शिरलं, कुणाची गाडी ठोकली, कुणाचा हात मोडला. माणसं अर्ज भरून द्यायची आणि त्यातलं खरं किती, फोडणी किती, हे बघायचं. सात वर्षांत तिनं काही आडाखे बांधले होते. एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या तोंडांनी विचारायचा. खरं बोलणारा माणूस थोडा चुकतो, अडखळतो, "थांबा हं, मंगळवार होता की बुधवार" असं म्हणतो. ज्याचं सगळं घोटून पाठ, त्याच्यावर नजर ठेवायची. आणि कुणी "खरं सांगतो" म्हणून सुरुवात केली, की पेन उघडायचं.

तर पहिल्या दिवशी तिनं मावशीला विचारलं, "घरात आणखी कोण राहतं?"

"मी एकटी."

तिसऱ्या दिवशी विचारलं, "तुम्हाला एवढं सगळं एकटीला आवरतं का हो?"

"आवरतं. मी एकटीच आहे."

पाचव्या दिवशी, "रात्री बाहेरचं दार कोण लावतं?"

या वेळी उत्तर यायला बराच वेळ लागला. "मीच. दुसरं कोण लावणार?"

"बघ, तिन्ही वेळा तेच," सूनबाई म्हणाली.

"मग बरोबरच आहे ना?"

"तेच तर. जरासुद्धा फरक नाही."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "म्हणजे चुकली असती तर खोटी आणि नाही चुकली तर जास्त खोटी. अगं, तुझ्यापुढं त्या बिचारीनं करायचं काय?"

मग आला आराखडा. सूनबाईनं स्वतःचा तक्ता आधीच केला होता. चार दिवस, चौदा ठिकाणं, प्रत्येकापुढं वेळ आणि वाहन. मावशीनं हातानं काढलेले चार कागद फोटो काढून पाठवले. त्यात किल्ला नव्हता. राजवाडाही नव्हता. होत्या गल्ल्या, आणि गल्ल्यांत फुल्या, गोल, त्रिकोण. सोबत लिहिलं होतं:

"हे शहर म्हणजे सहा गावं एकमेकांच्या अंगावर पडलीत. एका दिवशी एकच गाव करा. जो दोन करायला जातो तो नुसते रस्ते बघून येतो. पहिल्या दिवशी काही करू नका. स्टेशनच्या पुढच्या दारानं बाहेर पडू नका, मागं पार्सल ऑफिसला लागून फाटक आहे तिथून या. बाजार आठच्या आत. फुली दिसेल तिथं थांबा."

"फुली दिसेल तिथं थांबा," सूनबाईनं पुन्हा वाचलं. "का थांबा? तिथली दुकानं हिची असणार. नाहीतर भावाची, नाहीतर मेहुण्याची. आणि स्टेशनच्या मागच्या दारानं कोण बोलावतं पाहुण्यांना?"

"ज्याला मागचं दार माहीत आहे तो."

"तेच तर म्हणतेय मी!"

तिनं सरळ विचारलं, तुम्हाला शहर एवढं कसं माहीत. उत्तर आलं, "एकतीस वर्षं लोकांच्या घरांत मागच्या दारानं गेलेय." सूनबाईच्या हातातला चहा गार झाला. मिनिटभरानं दुसरा निरोप आला, "नगरपालिकेत होते. पाण्याचे मीटर वाचायची."

"बघ, मीटर वाचायची," नवरा म्हणाला. "संपलं का?"

"सांगायला काय जातंय? मीपण सांगेन, मी राजकन्या होते म्हणून."

बाबा पलीकडे खुर्चीत बसून भिंगरीला टाळ्या वाजवून दाखवत होते. त्यांनी मान वर केली. "सूनबाई, खोलीचं जमतंय ना?"

"जमतंय बाबा. थोडी चौकशी करतेय."

"कर, कर," ते म्हणाले. "फक्त एक तारखेच्या आत कर."

त्याच आठवड्यात तो निरोप आला, ज्यानं सगळं बिघडलं. खरं म्हणजे निरोपानं नव्हे, त्याच्या उत्तरानं. मावशीनं विचारलं होतं, "आजोबा न थांबता किती पायऱ्या चढतात? खरं सांगा. आणि सोबत धरायला-उचलायला कुणी आहे का?"

'खरं सांगा' वाचल्याबरोबर सूनबाईचं पेन उघडलं. एक अनोळखी बाई. तिला पोरीच्या झोपेची वेळ हवी, म्हाताऱ्याला पळता येतं का ते हवं, आणि सोबत बाप्ये किती तेही हवं. दाव्याच्या कागदांत असं काही आलं असतं तर ती साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसली असती. तिनं भराभर लिहिलं:

"बाबा ठणठणीत आहेत. रोज सकाळी टेकडी चढतात. शिवाय माझे दोन दीर सोबत येताहेत. धाकटा पोलिसात आहे. आणि मुलगी दुपारी झोपत नाही."

उलट उत्तर आलं, "बरं. मग काळजी नाही."

कशी गप्प बसवली, असं सूनबाईला वाटलं. संध्याकाळी तिनं नवऱ्याला दिरांची तेवढी ओळ वाचून दाखवली.

"दोन दीर? अगं, मी एकुलता एक!"

"ते तिला कुठं माहीत आहे?"

"बरं, धाकटा पोलिसात. मोठा काय करतो?"

"त्याचं अजून ठरवलं नाही."

"शेतकी खात्यात लाव त्याला. आईला फार वाटायचं, एक तरी सरकारी असावा म्हणून. आता दोन झाले, तेही बाळंतपणाशिवाय." पुढचे दोन दिवस तो जेवताना एक जास्तीचं ताट मांडायचा आणि विचारायचा, "भाऊजी आले का ड्यूटीवरून?"

बाबांबद्दलची ओळ मात्र तिनं त्याला वाचून दाखवली नाही. का, ते तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

गाडी शनिवारची होती. गुरुवारी दुपारी ऑफिसात, समोर कुणाच्या तरी जळालेल्या माडीची फाईल उघडी असताना, मावशीचा फोन आला. आत्तापर्यंत नुसते निरोप होते. आवाज पहिल्यांदाच ऐकला. थोडा चिरका, पण घाई नसलेला.

"ग्रंथालयाचं मंगळवारचं पक्कं झालंय बरं का. ग्रंथालयाचा मोठा जिना परांच्या बांधून बंद केलाय. मागचा लोखंडी गोल जिना तेवढा चालू आहे. एका वेळी एकच माणूस जातो, अरुंद आहे. अठ्ठावन्न पायऱ्या. पण तुमचे आजोबा टेकडी चढतात म्हणजे त्यांना काय!"

सूनबाईनं समोरची फाईल मिटली. "दुसरा काही मार्ग नाही का?"

"होता. दुरुस्तीवाल्यांनी मालाची लिफ्ट बसवलीय. तिथला इंजिनिअर म्हणाला, शेवटच्या मंगळवारी दोन म्हाताऱ्या माणसांना नेतो, दोनच, यादीत नाव घालून. त्याच्याकडं खेटे घालून एक नाव मी तुमच्या आजोबांचं लावलं होतं. त्यासाठीच विचारत होते ना, पायऱ्या किती, पोरीची झोप कधी, म्हणजे त्या बेतानं वेळ मागता येईल. तुमचा निरोप आला, मग ते नाव काढलं. एका बाईला दिलं. पोलीसबिलीस आहेत म्हटलं, उचलूनसुद्धा नेतील."

सूनबाई उठून ऑफिसच्या जिन्यात गेली. भिंतीला पाठ लावली.

"मावशी, त्याचं असं झालं, बाबांचा गुडघा कालपासून अचानक…"

आणि ती थांबली. 'अचानक' हा शब्द अर्जात दिसला की ती त्याभोवती लाल गोल करायची. अचानक आग लागली, अचानक ब्रेक लागेना. सात वर्षं लोकांच्या तोंडचा तो शब्द तिनं खोटा धरला होता, आणि आज तो तिच्या तोंडातून सरावल्यासारखा निघाला.

"कालपासून नाही," ती म्हणाली. "दहा वर्षांपासून. ते दहा पायऱ्या चढतात, मग बसतात. मी खोटं लिहिलं."

पलीकडून आलं, "पोलिसातला दीर?"

"नाही."

"सुट्टी नाही मिळाली?"

"दीरच नाही."

"दुसरा?"

"तोही नाही."

"आणि टेकडी?"

"टेकडी आहे. बाबा चढत नाहीत."

"अगं बाई," मावशी म्हणाली. मग ज्या आवाजात ती बोलली तो सूनबाईला अपेक्षित नव्हता. "मग आठ दिवस मी जीव मुठीत धरून बसले ते काय म्हणून? माझ्या पुतण्याला ही जागा हवीय. तू तीनदा विचारलंस, घरात कोण असतं, दार कोण लावतं. वर पोलीस आणतेस म्हणालीस. मी म्हटलं, झालं, त्यानंच धाडलीत माणसं, पाहुण्यांच्या मिषानं आत येऊन बसतील आणि मला बाहेर काढतील. घराचे कागद उचलून शेजारणीच्या पिठाच्या डब्यात ठेवून आलेय मी!"

तुम्हीवरून बाई तूवर आली होती, आणि ते रागानं की कशानं, हे सूनबाईला कळेना.

"ती लिफ्ट, मावशी… परत काही करता येईल का?"

"ती बाई एक्याऐंशीची आहे. पस्तीस वर्षं त्या दालनात पुस्तकं दिली-घेतली तिनं. मी परत मागणार नाही. नंबर देते. तू माग."

नंबर आला. सूनबाईनं तो तिथंच जिन्यात उभं राहून लावला, कारण जागेवर जाऊन बसली असती तर लावला नसता. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

"हां, ग्रंथालयातून ना? माहीत आहे मला, मंगळवारी दहाला. मी नऊलाच येऊन बसते, तुम्हाला खोळंबा नको. हॅलो? काठी चालेल ना हो लिफ्टमध्ये?"

"चालेल," सूनबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी सगळं ऐकून नवरा पहिल्यांदाच विनोद करायचा विसरला. ताटं वाढत होता, मोजकीच वाढली. "मला ती ओळ का नाही दाखवलीस?" त्यानं विचारलं. "बाबांना तू सांग. मी नाही सांगणार."

बाबा त्यांच्या खोलीत पेपर पसरून नखं काढत बसले होते. प्रवासाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. सूनबाईनं उभ्या उभ्याच सांगितलं. लिफ्ट, यादी, टेकडी, सगळं. 'मला भीती वाटली' हेही सांगणार होती, पण ते अर्जातल्या कारणासारखं वाटलं, म्हणून राहू दिलं.

बाबांनी नखं पेपरात गोळा केली. पेपराची पुडी केली. "गोल जिना म्हणालीस?"

"हो. लोखंडी. अठ्ठावन्न पायऱ्या."

"एकसष्ट आहेत. सगळा माल त्यावरनंच चढवला आम्ही." त्यांनी पुडी मुठीत दाबली. "मला बघायची होती गं," ते म्हणाले.

"हो बाबा."

"नुसतं रागावून काही होत असतं तर रागावलो असतो." ते उठले, पिशवीचा बंद पुन्हा एकदा ओढून बघितला. "तिकिटं आहेत ना? मग जायचं."

स्टेशनच्या पुढच्या बाजूला भलामोठा जिना होता, खाली रिक्षावाल्यांचा गलका. मागच्या फाटकाला एकही पायरी नव्हती. मालाच्या हातगाड्यांसाठी केलेला उतार, आणि उताराच्या तळाशी एक बुटकी, वाळकी बाई उभी, पायात पुरुषी बूट. तिनं चौघांना एकेक करून न्याहाळलं. सूनबाईनं तिला न्याहाळलं. दोघींनीही एकमेकींच्या मागं कोण आहे तेही बघून घेतलं.

"दीर मागच्या गाडीनं येताहेत का?" मावशीनं विचारलं.

नवरा खो खो हसला. बाबासुद्धा हसले. सूनबाईला ती उताराची वाट आपल्याला गिळेल तर बरं असं झालं.

खोली जाहिरातीत लिहिली होती तशीच होती. उंबरा नाही, दांडा पक्का. सूनबाईनं खिडकीचा खटका तीनदा उघडून मिटून बघितला, पलंगाखाली वाकून बघितलं, आणि वर मान केली तर मावशी दारात उभी राहून तिच्याकडं बघत होती. "पलंगाखाली मीपण रोज बघते," ती म्हणाली. "पुतण्या बारीक आहे."

रविवारी काही करायचं नव्हतं, काही केलं नाही. सोमवारी त्यांनी मावशीच्या एका कागदावरचं एक गाव केलं. तेव्हा कळलं की फुली म्हणजे बसायची जागा. कुणाच्या दुकानाचा ओटा, कुठं विहिरीचा कठडा, कुठं नुसताच एक सपाट दगड. बाबांची पावलं संपायची आणि फुली यायची. गोल म्हणजे स्वच्छ मोरी असलेलं घर, जिथं मावशीचं नाव सांगितलं की आत घेतात. त्रिकोण म्हणजे चावरं कुत्रं. एकतीस वर्षं पायी फिरणाऱ्या बाईला शहरात जे लागलं, तेच तिनं काढलं होतं. सूनबाईनं तरीही पहिल्या दोन फुल्यांपाशी दुकानाची पाटी वाचली. तिसरीपाशी ती स्वतःच आधी बसली.

मंगळवारी अकराच्या सुमारास ते ग्रंथालयाच्या मागच्या अंगणात पोचले. लिफ्ट वरून रिकामी खाली येत होती. म्हातारी काठीसकट वर गेली होती. दुसऱ्या नावाचे गृहस्थ आधीच जाऊन आले होते. मावशीनं इंजिनिअरला पुन्हा एकदा घोळात घेऊन बघितलं. तो भला माणूस होता, त्यानं हातच जोडले. "मावशी, या लिफ्टला माणसांची परवानगीच नाही. दोघांसाठी माझी मान अडकवलीय. तिसरा नेला तर नोकरी जाईल."

बाबा जिन्यापाशी गेले. लोखंडी दांड्यावर हात ठेवला. सात पायऱ्या चढले. आठवीवर बसले. नवऱ्यानं त्यांना धरून खाली आणलं, बाकावर बसवलं. भिंगरी मावशीच्या बुटांभोवती फेऱ्या मारून दमली होती. मावशीनं तिला उचललं तशी ती खांद्यावरच झोपून गेली.

"मी जातो वर," नवरा म्हणाला. "सगळ्याचा व्हिडिओ काढून आणतो बाबा, कानाकोपरा."

"फोनमध्ये जमिनीचा उतार दिसत नाही," बाबा म्हणाले. "आणि तुला सगळं छानच दिसतं. तिला जाऊ दे. तिला खोट काढायची सवय आहे."

हा टोमणा होता की काय, हे सूनबाईला कळलं नाही. बाबा सांगू लागले तेव्हा त्यांच्या आवाजात टोमण्याला जागा नव्हती. "दारातून आत गेलीस की भिंतीला पाठ लावून खाली बस. डोळा जमिनीबरोबर आण. मधली काळी पट्टी शेवटपर्यंत सरळ जाते का बघ. सांध्यांवरनं नख फिरव. तिसऱ्या खिडकीपाशी तळवा टेकून बघ. आणि जसं आहे तसं सांग मला."

सूनबाईनं मावशीच्या खांद्यावरच्या पोरीकडं बघितलं, अंगणाच्या दोन्ही फाटकांकडं बघितलं, आणि जिना चढायला लागली.

वरचं दालन लांबलचक होतं. कपाटं रिकामी, जड टेबलं दोन्ही बाजूंना जागच्या जागी. जमीन पांढरी नि तांबडी, मधून काळी पट्टी. देवघेवीच्या टेबलामागं म्हातारी काठी टेकून उभी होती, आणि तिच्या पावलांखाली फरशी झिजून दोन उथळ वाट्या झाल्या होत्या. पस्तीस वर्षं एकाच जागी उभं राहिल्याच्या. आपला आवाज ती ओळखेल या धास्तीनं सूनबाई तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसली, गाल जमिनीला टेकवला. पट्टी सुतासारखी गेली होती. ती गुडघ्यांवर पुढं सरकली. नख फिरवलं, कुठं अडलं नाही. पन्नासेक फूट गेल्यावर तिचेच गुडघे ठणकायला लागले, आणि आठ महिने म्हणजे काय ते तिला कागदावर वाचल्यापेक्षा थोडं जास्त कळलं. तिसऱ्या खिडकीपाशी तळवा टेकला तर बोटं आत गेली. जमीन खचली होती. कुणीतरी तिथं सिमेंटचा ओबडधोबड लपका मारला होता.

खाली येईपर्यंत तिनं दोन-तीन वाक्यं जुळवली. सगळं जसंच्या तसं आहे बाबा, अगदी कालच केल्यासारखं. म्हाताऱ्या माणसाला त्यानं बरं वाटलं असतं. नवराही तिच्याकडं बघून तेच म्हण, तेच म्हण अशी मान हलवत होता.

"सांग," बाबा म्हणाले.

"तिसऱ्या खिडकीपाशी खचलीय. दोन बोटं तरी आत जातात. वरून सिमेंट फासलंय. वाईट दिसतं."

नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. बाबा मात्र पुढं वाकले. "किती फरशा गेल्यात?"

"नऊ. दहावीला तडा आहे."

"जाणारच," बाबा म्हणाले. "त्या भिंतीत पाणी मुरत होतं. मी सांगितलं होतं. उस्ताद म्हणाले, बसव, उद्घाटन तोंडावर आलंय. मी तेविसाचा. बसवली." "इतकी वर्षं वाटायचं, टिकली असेल, की मला तेव्हा कळलं होतं तेच खरं. बरं, बाकीची?"

"बाकीची एक रेघ वाकडी नाही. सांध्याला नख लागत नाही. मी सगळीकडं बघितलं."

"सगळीकडं?"

"टेबलं आहेत, त्यांच्याखाली नाही बघितलं."

"मग सगळीकडं कसं म्हणतेस?"

मावशी फस्सकन हसली, तशी खांद्यावरची भिंगरी चाळवली आणि पुन्हा निजली. सूनबाईनं पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि दुसऱ्यांदा जिना चढली. वर जाऊन टेबलांखाली शिरली. धूळ, चिकटलेली जाळी, आणि त्याखाली तीच जमीन, जिच्यावर कधी पाऊल पडलं नव्हतं, इतकी चकचकीत की तिचा स्वतःचा हात तीत दिसत होता.

"बाई, काय हरवलंय?" इंजिनिअर दारातून ओरडला.

"काही नाही. तपासतेय."

ती रांगत बाहेर आली, तिसऱ्या खिडकीचं तावदान ढकललं आणि खाली वाकून हाक मारली, "बाबा! टेबलांखालीपण सरळ आहे! नवी कोरी!"

खाली बाकावर बाबा कपाळाला हाताचा आडोसा करून वर बघत होते. "सगळ्या टेबलांखाली बघितलंस?"

सूनबाईनं मागं वळून टेबलं मोजली.

"नाही," ती ओरडली. "दोन राहिलीत. थांबा."